ताडपत्री चकाकीवर नको, वजनावर घ्या

पहाटे कबनूरच्या चौकात उभं राहिलं, की दोन तऱ्हेच्या पिकअप गाड्या बघायला मिळतात. एक इचलकरंजीच्या पेठेची. तिच्या हौद्यात कापडाचे तागे नाहीतर सुताची बाचकी. वर जाड ताडपत्री, चारी बाजूंनी आवळलेला दोर, पावसाच्या थेंबाची आत जायची टाप नाही. दुसरी गाडी आपली, शेतकऱ्याची. हौद्यात वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीचे क्रेट, नाहीतर सोयाबीनची पोती. वर पातळ निळा कागद, ठिकठिकाणी विरलेला, एका अंगानं सुटून वाऱ्यावर फडफडत चाललेला. गाडी तीच, ड्रायव्हरसुद्धा पुष्कळदा तोच. फरक एवढाच, की कापडाचा मालक गाडी भरायच्या आधी ताडपत्री बघतो, आणि आपण फक्त भाडं ठरवतो.

ताडपत्रीवर एवढं लिहायचं काय, असं कुणी म्हणेल. बी-बियाणं, खत, औषध, पाणी यावर बोलायचं सोडून हा काय विषय काढला! पण शेतकरी बंधूंनो, विस्ताराचं काम करताना एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. आपण पीक रानात जेवढं सांभाळतो, तेवढं रस्त्यावर सांभाळत नाही. तीन-चार महिन्यांचा घाम हौद्यात भरतो आणि त्यावर घरातलं सगळ्यात टाकाऊ पांघरूण घालतो.

आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. ऑक्टोबर महिना, परतीच्या पावसाचे दिवस. गड्यानं दोन दिवस उघडीप साधून सोयाबीन मळलं, वाळवलं, पोती भरली आणि पिकअप ठरवून बाजाराला निघाला. ताडपत्री नवी होती, चारच दिवसांपूर्वी घेतलेली. निम्म्या वाटेत पावसानं गाठलं. ताडपत्री फाटली नाही, उडालीही नाही. पण मधोमध पाण्याचं तळं साचलं आणि घडीच्या रेघेवरून पाणी खाली झिरपलं. वरच्या थराची पोती भिजली. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, ओलावा मोजायचं यंत्र लावलं आणि भाव पाडला. तो भिजलेल्या पोत्यांचाच नव्हे, सगळ्या मालाचा. मला म्हणाला, "साहेब, तीन महिने रानात पावसापासून राखलं आणि वीस किलोमीटरात घालवलं बघा."

हमीभावानं खरेदी होताना सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. पण सवलत दर साली मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. खळ्यावर वाळवून ११-१२ वर आणलेला माल तासाभराच्या पावसात त्या रेषेच्या पलीकडे जातो, आणि मग कुणाला किती सांगितलं तरी यंत्रावरचा आकडा बदलत नाही.

गुळाचं तर विचारूच नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव जगभर झालं, पण गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो हा त्याचा स्वभाव काही बदलला नाही. गुऱ्हाळावरून निघालेला रवा पावसाळी हवेत नुसता उघडा राहिला तरी त्याला पाणी सुटतं, रंग जातो आणि भाव खाली येतो. खताची पोती, सिमेंट, पशुखाद्य यांचीही तीच गत.

कसल्या मालावर काय पांघरायचं?

पहिली चूक इथंच होते. आपण एकच ताडपत्री सगळ्या मालावर वापरतो. पण माल दोन तऱ्हेचा असतो. एक मेलेला, म्हणजे धान्य, गूळ, खत, कापड. त्याला पाणी आणि दमट हवा लागू द्यायची नाही. त्यावर न झिरपणारी प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधली तरी बिघडत नाही.

दुसरा माल जिवंत असतो. वांगी, मिरची, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, मेथी. तोडणी झाली तरी भाजी श्वास घेत असते आणि श्वासाबरोबर उष्णता व वाफ बाहेर टाकते. अशा क्रेटवर प्लॅस्टिक गच्च आवळलं, की आत घाम सुटतो. तो थेंब होऊन परत भाजीवर पडतो आणि वाशीच्या बाजारात गाडी उघडेपर्यंत वरचा थर चिकट झालेला असतो. वर पाऊस नाही, आत मात्र पावसाळा! म्हणून भाजीच्या गाडीला हौद्यावर लोखंडी पाइपच्या कमानी बसवून घ्या. ताडपत्री त्या कमानींवर राहील, मालाला टेकणार नाही आणि मधून हवा खेळेल. पाऊस नसेल तेव्हा वर नुसती शेडनेटची जाळी टाका. त्यानं ऊनही अडतं आणि वाफही निघून जाते. ताडपत्री गुंडाळून कमानीलाच बांधून ठेवायची आणि पाऊस दिसला की सोडायची. पालेभाजीला मात्र चालत्या गाडीचा वारा सोसत नाही, ती सुकते. तिच्यावर आधी ओलं गोणपाट अंथरा, मग जाळी.

रंगाचंही भान ठेवा. काळी ताडपत्री ऊन शोषते आणि आतला माल भाजून काढते. पांढरी किंवा चंदेरी बाजू वर असली तर ऊन परतून जातं. दुपारी गाडी धाब्यावर उभी करणार असाल तर हा फरक हात लावूनही कळतो.

ताडपत्रीच्या जाती

बाजारात ढोबळमानानं तीन जाती मिळतात. पहिली जुनी कॅनव्हासची, म्हणजे जाड सुती कापडावर मेणासारखं रोगण चढवलेली. ती दणकट असते, थोडी हवा जाऊ देते, फडफडत नाही. पण वजनाला भारी. भिजली की दोन माणसांना उचलत नाही, आणि ओली घडी करून ठेवली की बुरशी लागून कुजते.

दुसरी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली. आपल्याकडं हीच सगळ्यात जास्त खपते. हिच्यात मधे पट्ट्यांची वीण असते आणि दोन्ही अंगांना पातळ प्लॅस्टिकचा लेप. ताकद विणीत असते आणि पाणी अडवायचं काम लेप करतो. लेप सुटला की वीण शाबूत असूनही ताडपत्री गळते. वर सांगितलेल्या सोयाबीनच्या बाबतीत हेच झालं होतं.

तिसरी न विणलेली, प्लॅस्टिकचे पातळ थर आडवे-तिडवे एकावर एक चिकटवलेली. ती वजनाला हलकी असून चिवट असते आणि पाणी चांगलं अडवते. पण क्रेटचा खिळा किंवा पत्र्याचा कोपरा लागून भोक पडलं तर लगेच चिकटपट्टी लावावी लागते. या जातीची विणीच्या ताडपत्रीशी वजनावर तुलना करू नका. तुलना जातीतल्या जातीतच करायची.

काट्याचा हिशेब

आता मुद्द्याचं. दुकानदार म्हणतो, "दोनशे जीएसएमची आहे, डोळे मिटून न्या." हे जीएसएम म्हणजे काही मंत्र नव्हे. एक चौरस मीटर ताडपत्रीचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे दुकानदार खरं बोलतो की नाही, ते कुठल्याही किराणा दुकानाच्या काट्यावर कळतं. मग डोळे कशाला मिटायचे?

हिशेब तोंडपाठ करून ठेवा. १०० चौरस फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. तेव्हा २०० जीएसएमची ताडपत्री दर १०० चौरस फुटाला सुमारे १ किलो ८५० ग्रॅम भरली पाहिजे आणि २५० जीएसएमची सुमारे २ किलो ३०० ग्रॅम. समजा, १२ बाय १८ फुटांची ताडपत्री घेतली. क्षेत्रफळ झालं २१६ चौरस फूट. दोनशेची असेल तर ती ४ किलो भरायला हवी. काट्यावर २ किलो ४०० ग्रॅम भरली, तर समजा की हातात १२० ची आली आहे. चकाकी तीच, निळा रंग तोच, छापही तोच. माल मात्र जेमतेम सव्वा निम्मा.

वजनाबरोबर टेपही लावा. पुष्कळदा लिहिलेलं माप हे कापडाचं कापतानाचं असतं. कडा दुमडून शिवल्यावर ती लांबी-रुंदीत चार-सहा इंच कमी भरते. तयार ताडपत्रीचं माप घ्या आणि त्यावरच वजनाचा हिशेब करा.

माझा अनुभव असा, की रोज चालणाऱ्या पिकअपसाठी विणीची ताडपत्री २०० ते २५० जीएसएमच्या खाली घेऊ नये. दीडशेच्या आतली वैरणीच्या गंजीवर एक पावसाळा टाकायला ठीक. ती गाडीच्या वाऱ्याला टिकायची नाही.

वजन बरोबर भरलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. प्लॅस्टिकमध्ये खडूची पूड मिसळून वजन वाढवता येतं. म्हणून दुकानातच आणखी चार परीक्षा घ्या. एक, ताडपत्री उन्हाकडं धरून बघा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ती गळणार. दोन, कोपऱ्यावर लेप नखानं उचकटून बघा. सालीसारखा निघाला तर नको. तीन, एक कोपरा घट्ट दुमडून त्याच रेघेवर दहा वेळा उलटसुलट घडी घाला. पांढरी रेघ उमटून चीर पडली तर त्यात भेसळ किंवा भंगार प्लॅस्टिक आहे. चार, मधे खोलगा करून तांब्याभर पाणी ओता, चहा पिऊन या आणि खालून हात लावा. जो दुकानदार हे करू देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

कडेच्या रिंगाही बघा. साधारण तीन-तीन फुटांवर रिंग हवी, आणि कड दुमडून आत दोरी घातलेली हवी. ताडपत्री फाटायला सुरुवात होते ती रिंगेपासूनच. उन्हाला टिकणारं औषध प्लॅस्टिकमध्ये घातलेलं आहे का, तेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ते नसेल तर एका उन्हाळ्यात ताडपत्रीचा पापड होतो. विणीच्या ताडपत्रीसाठी भारतीय मानक आय.एस. ७९०३ आहे. तो आकडा, आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक छापलेला आहे का, ते बघा. परवाना क्रमांक खरा की खोटा, हे मोबाईलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून घरबसल्या कळतं.

माप आणि बांधणी

पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो, छोट्या हत्तीचा त्याहून लहान. आपला हौदा मोजून घ्या. माल फाळक्याच्या बरोबरीनं भरत असाल, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उतरण धरून ९ बाय १२ फुटांची ताडपत्री पुरते. क्रेटची थप्पी फाळक्याच्या वर अडीच फूट जात असेल, तर चारी बाजूंना अडीच फूट उंची आणि दीड फूट उतरण धरायची. म्हणजे १४ बाय १७ फूट लागेल. बाजारात १४ बाय १८ मिळत असेल तर ती घ्या. उतरण फाळक्याच्या आत नको, बाहेर हवी. आत राहिली की सगळं पाणी हौद्यात.

बांधताना पुढची कड केबिनच्या मागं खाली दाबून घ्या, म्हणजे वारा आत शिरणार नाही. दोन ताडपत्र्या टाकायच्या असतील तर आधी मागची आणि मग पुढची तिच्यावर चढवून टाका. घरावर कौलं घालताना चढ जसा बघतो, तसा इथं वाऱ्याचा रोख बघायचा. क्रेटच्या धारदार कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा. सगळा भार रिंगांवर टाकू नका. वरून आडवा-तिडवा दोर घेऊन हुकांना आवळा. मधे कमान किंवा एखादं भरलेलं पोतं उभं घालून उंचवटा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर माल बसतो आणि दोर सैल पडतो. तेव्हा गाडी थांबवून एकदा परत आवळा. मागं लोंबणाऱ्या ताडपत्रीनं दिवे आणि नंबर झाकले जाऊ नयेत, हेही बघा. त्यापायी रात्री मागून गाडी आदळायची.

आणि एक विनंती. कारखान्याची प्रेसमड, शेणखत, भुसकट नेताना आपण वर काहीच टाकत नाही. रस्त्यावर सडा पडतो आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत कचरा जातो. तो मागचा माणूस आपल्याच गावचा असतो. असल्या मालासाठी जुनी ताडपत्री वेगळी ठेवा. खताची आणि औषधांच्या डब्यांची गाडी झाकलेली ताडपत्री धुतल्याशिवाय गुळावर नाहीतर भाजीवर टाकू नका. खळ्यावर धान्य वाळवायची ताडपत्रीही गाडीला वापरू नका. एकदा का ती फाळक्यावर घासली, की पुढच्या सुगीला तिच्यातून खालची ओल वर येते. खळ्याची वेगळी, गाडीची वेगळी. काम झालं की धुऊन, वाळवून, गुंडाळून, डिझेल आणि उंदरांपासून लांब ठेवायची. एवढं केलं तर चांगली ताडपत्री तीन-चार पावसाळे काढते.

गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि माझ्यासारख्या विस्तार कर्मचाऱ्यांना उद्देशून. अनुदानावर ताडपत्री देण्याच्या योजना येत असतात. त्यांच्या अटींमध्ये ६ बाय ६ मीटर, ३७० जीएसएम असा आकडा पुष्कळदा वाचायला मिळतो. ३६ चौरस मीटर गुणिले ३७० ग्रॅम, म्हणजे ती ताडपत्री १३ किलो ३२० ग्रॅम भरली पाहिजे. थोडंफार इकडंतिकडं समजू शकतो. पण ती ७ किलो भरली, तर हातात १९४ जीएसएमचा माल आहे आणि अनुदान ३७० च्या नावानं चाललं आहे. हा फरक कागदावर कधीच दिसत नाही. बिल बरोबर असतं, फोटोत ताडपत्री निळीच दिसते, शेतकऱ्याची सहीही असते. तो दिसतो फक्त काट्यावर.

वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तू वाटण्याऐवजी रक्कम थेट खात्यात जमा करायचं धोरण राज्य सरकारनं डिसेंबर २०१६ मध्ये आणलं. शेतकऱ्यानं आपल्या पसंतीनं खरेदी करावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण पसंती करायला पारख लागते, आणि ती पारख शिकवायचं काम आपलं आहे. तपासणीला गेल्यावर आपण बिल बघतो, फोटो काढतो आणि उठतो. इथून पुढं सोबत एक हातकाटा आणि टेप न्यावा, वजन आणि माप तपासणीच्या कागदावर लिहावं. जिथं प्रत्यक्ष वस्तूच वाटली जाते, तिथं वाटपाच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर काटा मांडावा आणि ढिगातल्या कुठल्याही दोन ताडपत्र्या गावकऱ्यांनी उचलून त्यावर चढवाव्यात. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही, खर्च लागत नाही. लागतो तो थोडा धीटपणा. कुणी नाराज होईल, हे खरं. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरदार सोडून आलेल्या माणसांना ताडपत्री काय मोलाची असते, हे पंचगंगाकाठच्या गावांना कुणी सांगायला नको. डोक्यावरचं छप्पर निम्म्या वजनाचं निघालं, तर रात्री ते कुणाच्या अंगावर गळतं?

शेतकरी बंधूंनो, तुम्हीही एक सवय लावून घ्या. पिकअप भाड्यानं ठरवताना भाड्याबरोबर ताडपत्रीही बघा. "गाडी घेऊन ये, पण आधी ताडपत्री उघडून दाखव," असं म्हणायला शिका. चार शेतकरी असं म्हणू लागले, की गाडीवाला आपणहून चांगली ताडपत्री घेईल, कारण चांगल्या ताडपत्रीच्या गाडीला भाडं आधी मिळेल. इचलकरंजीच्या कापडवाल्यांनी हे केव्हाच करून दाखवलं आहे. भिजलेला तागा परत येतो आणि त्याचा भुर्दंड आपल्यावर पडतो, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्या भिजलेल्या मालाचाही भुर्दंड आपल्यावरच पडतो. तो भाव पाडून वसूल होतो, म्हणून पावती दिसत नाही, एवढंच.

कापडाचा तागा डाग पडला तर पुन्हा धुता येतो. सोयाबीन पुन्हा मळता येत नाही आणि पाणी सुटलेल्या गुळाचा रवा परत बांधता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ताडपत्री घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला भाव विचारायच्या आधी काटा कुठं आहे ते विचारा.